बसल्या जागेची इच्छा

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. टेबलाच्या उजव्या खणात, सुकलेल्या शाईच्या बाटलीशेजारी, एका मऊ पडलेल्या कापडी पिशवीत माझा मुक्काम असतो. माझे पितळी कडे काळवंडले आहे. मूठ लाकडाची आहे आणि अंगठा टेकण्याच्या जागी ती झिजून खोलगट झाली आहे. तो खळगा एकाच माणसाच्या अंगठ्याचा आहे. आता तो अंगठा तिथे टेकत नाही. का टेकत नाही, ते सांगण्यासाठीच मी बोलायला बसले आहे. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म वाळूचा. भट्टीत वितळले, थंड झाले, आणि एका कारागिराच्या हाती आले. त्याच्यापुढे लोखंडाची एक खोलगट वाटी गरगर फिरत असे. ओली वाळू घालून त्याने मला त्या वाटीत घासले. मग आणखी बारीक भुकटीने घासले, आणि शेवटी लोकरीच्या कापडावर तांबडी पूड घेऊन मला चकाकवले. काम झाल्यावर त्याने माझ्यातून स्वतःचाच तळहात पाहिला. तळहाताला भेगा होत्या. त्या पाहून तो म्हणाला, “काच चांगली जमली, हात वाया गेला.” माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

दुकानाच्या काचपेटीतून मला ताईंनी घेतले. तेव्हा त्या तरुण होत्या आणि एका छापखान्यात नुकत्याच मुद्रितशोधक म्हणून लागल्या होत्या. छापून आलेला कच्चा कागद तपासायचा आणि चूक सापडली की तिच्या गळ्यात खूण अडकवायची, हे त्यांचे काम. ते काम त्यांनी केस पिकेपर्यंत केले. त्यांच्या नजरेतून उलटा पडलेला स्वल्पविरामसुद्धा सुटत नसे. छापखान्यातले लोक म्हणत, ताईंच्या समोरून मुंगी गेली तरी तिचे पाय मोजून घेतील. ताई म्हणत, “मोजायचं काय त्यात? कमी असले तर कळतंच.”

ताईंचे लग्न झाले नव्हते. आई लवकर गेली आणि धाकट्या भावाला त्यांनीच वाढवले. हा भाऊ म्हणजे मास्तर. ते कॉलेजात लॅटिन शिकवत. बाहेर त्यांना सर म्हणत, पण ताईंनी त्यांचे नाव मास्तरच ठेवले होते, तेही ते पाच वर्षांचे असल्यापासून. कारण तेव्हाही ते बसल्या जागेवरून दुसऱ्यांना कामे सांगत. ताई एक गोष्ट नेहमी हसत सांगायच्या. लहानपणी मास्तरांच्या डोळ्यात चुना गेला होता. ताईंनी डोळ्यावर तांब्याने पाणी ओतले, त्यांना पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत पळत गेल्या. डॉक्टरांनी डोळा वाचवला, आणि मग ताईंच्या पायांकडे पाहून विचारले, “बाळ, तुझ्या चपला कुठे आहेत?” तेव्हा ताईंना कळले की आपण अनवाणी आलो आहोत.

दोघे निवृत्त झाले तेव्हा मास्तरांनी मोठे काम काढले. इंग्रजीतले अनवट शब्द घ्यायचे, त्यांचे लॅटिन मूळ शोधायचे, आणि प्रत्येकाचा नेमका मराठी अर्थ द्यायचा, असा कोश. एका प्रकाशकाने होकार दिला. घरातल्या पुढच्या खोलीत दोन टेबले समोरासमोर लागली. भिंतीशी बुटांचे रिकामे खोके रचले गेले आणि त्यांत शब्दांच्या चिठ्ठ्या उभ्या राहिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर वर शब्द, खाली मूळ, त्याखाली अर्थ, आणि तळाशी एक उदाहरणाचे वाक्य. मास्तरांचा नियम असा होता की उदाहरण पुस्तकी नको, कोणाच्या तरी तोंडून निघालेले हवे. त्यामुळे ते दूधवाल्याचे बोलणे ऐकताऐकता मध्येच “थांबा, पुन्हा म्हणा” म्हणायचे आणि खिशातून कोरी चिठ्ठी काढायचे. दूधवाला पुढेपुढे पिशवी दारातच ठेवून पळू लागला.

मास्तर अर्थ लिहीत आणि ताई तपासत. प्रकाशकाकडून छापील कागद आले की मास्तर मूळ प्रत मोठ्याने वाचत, विरामचिन्हांसकट, आणि ताई मला हातात धरून ओळीवरून नेत. माझी ती वर्षे फार सुखाची गेली, मित्रांनो. माझ्याखालून लॅटिन शब्द एकेक करून सरकत. ताईंना लॅटिन येत नव्हते, पण एखादे अक्षर मास्तरांनी चुकवले की त्यांना वास यायचा. ताईंची एकच इच्छा होती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पुस्तके तपासली होती. या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मास्तरांच्या नावाखाली त्यांचेही नाव येणार होते. ते छापलेले नाव त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. “माझ्या नावात चूक निघाली तर सगळी आवृत्ती जाळीन,” असे त्या म्हणत.

मग एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, ताईंनी मला खाली ठेवले आणि डोळे चोळले. मास्तरांना म्हणाल्या, “अरे, दिव्याभोवती आज वलय दिसतंय. सोनेरी. इंद्रधनुष्याला घासून काढावं तसं.”

मास्तरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला. “थांब, ताई. पुन्हा म्हण.”

ताईंनी पुन्हा म्हटले. मास्तरांनी चिठ्ठी काढली. इंग्रजीत ‘ऑरिओल’ असा एक शब्द आहे, म्हणजे तेजोवलय. त्याचे मूळ लॅटिनमधल्या सोन्यात आहे. सोन्याचा मुकुट असा त्याचा पहिला अर्थ. त्या शब्दाला मास्तरांना मनासारखे उदाहरण मिळालेच नव्हते. ‘ए’ या पहिल्या अक्षराची पाने कधीच छापखान्यात गेली होती, म्हणून त्यांनी ती चिठ्ठी पुरवणीच्या खोक्यात ठेवली. ताईंचे वाक्य त्यांनी जसेच्या तसे लिहिले होते. एक अक्षर इकडचे तिकडे केले नव्हते. मग त्यांनी आनंदाने विचारले, अजून दिसतेय का? ताई म्हणाल्या, दिसतेय, आणि भुवईच्या वर ठणकतेय. मास्तर म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला हवे. खरेच म्हणाले. मी ऐकले आहे. “उद्या जाऊ,” असेही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ‘व्ही’ अक्षराची प्रत द्यायची होती.

माझा एक अनुभव सांगते. भिंगातून मधले मोठे दिसते, कडेचे वाकडे होते, आणि कड्याच्या बाहेरचे जणू नसतेच. हे माझे जन्माचे व्यंग आहे. हळूहळू माझ्या लक्षात आले की ताईंची नजरही माझ्यासारखी होऊ लागली आहे. समोरचा शब्द त्यांना दिसे, पण डावीकडे ठेवलेला कप दिसत नसे. कोपर लागून चहा सांडला तेव्हा मास्तर हसून म्हणाले, “ताई, आता कपसुद्धा भिंगातून शोध.” ताईही हसल्या. अर्धवट उघड्या दारावर त्यांचा खांदा आपटला तेव्हा मास्तर कागदावरून नजर न काढता म्हणाले, दार कोणी असं ठेवलं? घरात तिसरे कोणी नव्हतेच.

याच दिवसांत ‘व्हेलिइटी’ हा शब्द आमच्या टेबलावर आला.

मित्रांनो, हा शब्द तुम्ही ऐकला नसेल. इंग्रजी बोलणाऱ्यांतही फार थोड्यांनी ऐकला असेल. लॅटिनमध्ये ‘वेल्ले’ म्हणजे इच्छिणे. या क्रियापदाचे गोत मोठे आहे. स्वखुशीने केलेल्या कामाला इंग्रजीत ‘व्हॉलंटरी’ म्हणतात, ते याच घराण्यातले. दुसऱ्याचे भले इच्छिणारा तो ‘बेनेव्होलंट’, वाईट इच्छिणारा ‘मालेव्होलंट’, दोघेही याचेच नातलग. ही सगळी कर्ती माणसे, चांगली असोत की वाईट. पण मध्ययुगातल्या पंडितांना प्रश्न पडला की जी इच्छा नुसती मनात येते आणि तिथेच राहते, हातापायांपर्यंत पोचतच नाही, तिला काय म्हणावे? ती खोटी नसते. माणसाला खरेच तसे वाटत असते. फक्त त्या वाटण्यात उठून उभे राहण्याइतका जोर नसतो. त्यांनी ‘वेल्ले’ला नामाचा प्रत्यय जोडून ‘वेल्लेइतास’ घडवले, आणि सुमारे चारशे वर्षांपूर्वी ते ‘व्हेलिइटी’ होऊन इंग्रजीत आले. घराण्यातले हे एकच असे अपत्य की ज्याने आयुष्यात काहीही केले नाही.

हे सगळे मास्तरांनी ताईंना फार रंगून सांगितले. मूळ सापडले होते, पण मराठी अर्थ सापडेना. ‘इच्छा’ फार भरीव होते. ‘मनीषा’ डोक्यावर फेटा बांधून येते. ‘लहर’ म्हणावे तर ती चंचल, आणि हे वाटणे तर चिवट, रोज येणारे. मास्तर म्हणाले, इच्छा तिथे मार्ग म्हणतात, पण ही अशी इच्छा की जिला मार्गच नाही.

“मार्ग आहे रे,” ताई म्हणाल्या. “दारातूनच जातो. ती उठत नाही.”

मग त्यांनी ‘कळतं पण वळत नाही’ सुचवले. मास्तरांनी ते नाकारले. म्हणाले, ते ज्ञानाविषयी आहे, इच्छेविषयी नाही. ताईंनी थोडा विचार केला, भुवई अंगठ्याने दाबली आणि म्हणाल्या, “मग बसल्या जागेची इच्छा म्हण.”

मास्तरांना ते फार घरगुती वाटले. विद्वानांच्या कोशात शोभणार नाही असे वाटले. त्यांनी ‘निर्वीर्य’, ‘अप्रवृत्त’ असे जड जड शब्द काढले, कागदावर मांडले, खोडले. या एका शब्दापाशी काम अडून बसले. अर्थ नाही, उदाहरण नाही. मास्तर रात्रंदिवस त्याच विचारात. मध्येच ताईंचे भुवई दाबणे त्यांना दिसे. तेव्हा ते म्हणत, “हा शब्द हातावेगळा झाला की आधी तुझे डोळे दाखवू.” ताई म्हणत, दाखवू. आधी तुझा ‘व्ही’ होऊ दे. ताईंनाही काम लवकर संपायला हवे होते. त्यांना आपले नाव पाहायचे होते, आणि मला वाटते, हातात वेळ थोडा आहे हे त्यांना मास्तरांच्या आधी कळले होते. डॉक्टरांनी काम बंद करा म्हटले तर? ही भीती त्यांनी बोलून दाखवली नाही. पण मूठ धरणारा हात मला कळतो.

मास्तर दुष्ट नव्हते, मित्रांनो. हे मला मुद्दाम सांगायचे आहे. संध्याकाळी ते ताईंचा दिवा जवळ सरकवत. डोके दुखण्याची गोळी आणि पाण्याचा पेला पुढे ठेवत. त्यांची खोड एवढीच होती की एखाद्या गोष्टीला नेमका शब्द मिळाला की ती गोष्ट पार पडली असे त्यांना वाटे. ‘ताईंचे डोळे दाखवायला हवेत’ हे वाक्य त्यांनी उच्चारले की त्यांच्या मनावरचे ओझे उतरे. वाक्य पूर्ण असे. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे जागच्या जागी. मग ते पुढच्या चिठ्ठीकडे वळत.

त्याच सुमारास छापखान्याकडून निरोप आला की तपासून गेलेल्या पानांत चुका राहिल्या आहेत. ताईंच्या हातून असे कधी झाले नव्हते. मास्तरांनी पाने पाहिली. सगळ्या चुका ओळींच्या सुरुवातीला होत्या. माणसाने जरा थांबून पाहिले असते तर त्या कडेच्या उभ्या रांगेने सगळे सांगून टाकले असते. पण मास्तर चिडले होते.

“ताई, लक्ष कुठे असतं तुझं?”

ताईंनी पाने पुन्हा पुढे ओढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी हे विचारले होते. मास्तरांनी त्यांना ओळीखाली धरायला पुठ्ठ्याची एक पट्टी कापून दिली. शाळेतल्या पहिलीच्या मुलाला देतात तशी. ताईंनी ती घेतली. एका हातात मी, दुसऱ्या हातात पट्टी, आणि नाक कागदाला टेकलेले, अशा त्या वाचू लागल्या. त्यांचा डोळा माझ्या इतका जवळ येई की पापणी काचेला लागे. मी अक्षरे मोठी करत होते. त्यापलीकडे मला काही करता येत नव्हते.

एका सकाळी ताईंनी मला घेण्यासाठी हात पुढे केला. मी टेबलावर त्यांच्या हाताशेजारीच होते, डाव्या बाजूला. उन्हात माझे कडे चमकतही होते. त्यांचा हात माझ्या पलीकडून गेला, कागदांवरून फिरला, शाईच्या बाटलीला लागला, परत आला. पुन्हा गेला. समोरच्या टेबलावरून मास्तर पाहत होते. ताईंना ते पाहताहेत हे दिसत नव्हते. त्या एकट्याच असल्यासारख्या चाचपडत होत्या, घाई न करता, जणू त्यांना याची सवय झाली होती. या गोष्टीची चिठ्ठी करता येण्यासारखी नव्हती. ताई एक शब्दही बोलल्या नव्हत्या. मास्तर उठले. लेखणी उघडी टाकून उठले.

डोळ्यांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवल्यावर ताईंनी सवयीने पिशवीतून मला काढले. डॉक्टर म्हणाल्या, “आजी, ते राहू दे.” मग अंधार केला, डोळ्यांत थेंब टाकले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, कितीतरी वेळ आत पाहिले. काचबिंदू आहे, म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढून आतली नस वाळली होती. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता; यात जे गेले ते परत येत नाही. औषधाने उरलेले राखण्याचा प्रयत्न करू, पण उरलेले फार नाही.

मग त्यांनी विचारले, “दिव्याभोवती रंगीत वलयं दिसायची का? कधीपासून?”

मास्तरांनी तोंड उघडले. त्यांना दिवसच काय, वाक्यही पाठ होते. पण ताई आधी बोलल्या.

“परवापरवापासून,” ताई म्हणाल्या. “मीच अंगावर काढलं. भावाला बोललेच नाही मी.”

डॉक्टर मास्तरांकडे वळून म्हणाल्या, घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं. मास्तरांनी मान हलवली. त्यांची मान त्यानंतर बराच वेळ हलत राहिली.

त्या दिवसापासून मास्तरांनी थेंबांची एकही वेळ चुकवली नाही. पंखा बंद करत, हात धूत, ताईंची मान मागे टेकवत आणि थेंब बरोबर डोळ्यात सोडत. जिना उतरताना दोन पायऱ्या पुढे राहत. दारे उघडी तर पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद. आता त्यांची इच्छा उठून उभी होती, घरभर धावत होती. पण ज्या गाडीसाठी ती धावत होती ती सुटून गेली होती. ‘व्ही’ची प्रत त्यांनी एका बैठकीत संपवली आणि ताईंना न दाखवता पाठवून दिली. पहिल्यांदाच ताईंनी न तपासलेली पाने घराबाहेर गेली.

छपाईला वेळ लागला. आधी ताईंचा एक डोळा विझला, मग दुसऱ्यातले वर्तुळ आकसत आकसत नाण्याएवढे झाले, मग तेही मिटले. पुस्तक आले तेव्हा ताई खिडकीजवळ बसल्या होत्या. मास्तरांनी ते त्यांच्या मांडीवर ठेवले. ताईंनी आधी त्याचा वास घेतला. पाठीवरून हात फिरवला, शिवण चाचपली, कोपरे दाबून पाहिले. पहिले पान कोणते ते विचारून त्यावर तळहात ठेवला. “माझं नाव कुठे आहे?” मास्तरांनी त्यांचे बोट धरून त्या जागी नेले. ताईंनी बोट हळूहळू ओळीवरून नेले, जसे मला नेत असत. छापील शाई बोटाला लागत नाही, मित्रांनो. कागद तिथेही इतर ठिकाणांसारखाच गुळगुळीत होता.

“चूक नाही ना?” ताईंनी विचारले. मास्तर म्हणाले, नाही. ताईंना ते मानून घ्यावे लागले.

मग त्या म्हणाल्या, “तो शब्द वाच. अडलेला.”

मास्तरांनी खणातून मला काढले. आता वाचायला त्यांनाही मी लागत होते. त्यांनी वाचले: “व्हेलिइटी. मूळ लॅटिन ‘वेल्ले’, इच्छिणे. त्यावरून मध्ययुगीन पंडितांनी घडवलेले नाम. अर्थ, बसल्या जागेची इच्छा.” ताई हसल्या. “घेतलंस होय माझं?” पण मास्तर पुढे वाचेनात. 

“उदाहरण वाच,” ताई म्हणाल्या.

मास्तरांनी वाचले. “बहिणीला डॉक्टरांकडे न्यावे, असे त्याला रोज वाटत असे.”

 ताई मुद्रितशोधकाच्या सवयीने मान किंचित कलती करून बसल्या होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, “उदाहरण चांगलं आहे. पण ‘रोज’ काढ. रोज नव्हतं वाटत तुला. काम लागलं की नव्हतं वाटत.”

“छापून झालंय, ताई.”

“हो,” ताई म्हणाल्या. “छापून झालं.”

त्यांनी पुस्तक मिटले आणि मास्तरांच्या हातात दिले. थेंब टाकण्याची वेळ झाली होती. डॉक्टरांनी आता गरज नाही म्हणून सांगितले होते, तरी मास्तर थेंब टाकत आणि ताई टाकू देत.

मी तेव्हापासून खणात आहे. क्वचित मास्तर मला काढतात, पुसतात आणि परत ठेवतात. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी आपल्या काळजीबद्दल काही मागतात, अशी रीत आहे. पण मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. काच पुसली तरी चालते, न पुसली तरी चालते. एवढेच मागते की घरात कोणी कधी म्हणाले, दिव्याभोवती वलय दिसतेय, किंवा नुसते भुवई दाबून गप्प बसले, तर त्याला नाव शोधत बसू नका. उद्या जाऊ असे म्हणूही नका. म्हटले की गेल्यासारखे वाटते. उठा. चपला नाही सापडल्या तरी चालेल.